सात किलोंतलं माझं

मागची बॅग कुवेतला गेली.
हरवली नाही; चाक गेलं,
पहाटे अडीचला, विमानतळाच्या उतारावर.
ते एकटंच पुढे धावलं थोडं
आणि एका सफाईवाल्याच्या बादलीपाशी आडवं झालं.
त्यानं उचलून अदबीनं माझ्या हातात दिलं.
काय करणार, घेतलं, पर्समध्ये टाकलं,
बॅग कडेवर घेतली नि गेट गाठलं.

म्हणून आज रुवीत, बस स्टँडमागच्या गल्लीत,
दुपारची मिटलेली दुकानं पुन्हा उघडल्यावर
हुर्झुकचाचांपुढे उभी आहे.

चाचा मूळचे दाभोळकडचे. म्हणतात,
"चार चाकांची घे बाय, बोटानं ढकललीस तरी चालते."
चालते, हेच तर वाईट.
बसनं ब्रेक मारला की ती ड्रायव्हरला भेटायला जाते.
मला दोन चाकं हवीत, रबराची, निम्मी आत दडलेली,
दांडा दुहेरी, ओढला की खुळखुळू नये,
आणि चेन अशी, की कोपऱ्यावर वळताना
दात विचकणार नाही.
एकेक बाहेर नेऊन खडीवर ओढून बघते.
शेजारचा शिंपी मशीन थांबवून हसतो.
रंग मी विचारतच नाही. चाचांना त्याचं वाईट वाटतं.

माझं काम काट्यांचं.
सोनारांचे, इस्पितळांचे, औषधांच्या कारखान्यांतले;
मस्कत, दोहा, मनामा, कुवेत,
आठवड्याला दोन विमानं.
काटे खरं बोलतात का, ते बघायचं.
सोबत प्रमाण वजनांची पेटी,
हातमोज्याशिवाय शिवायची नाहीत अशी,
कारण घामालाही वजन असतं.
तपासणीच्या दारात दरवेळी तेच :
हे काय?
किलो.
कशाचा?
कशाचा नाही. नुसता किलो.

विमानात सात चालतात.
पेटीचे दोन-चारशे. बॅगेचे, चिठ्ठीवर, दोन-शंभर.
उरले अडीच, त्यात मी :
दोन कुडते, चार्जर, मेतकुटाची पुडी,
ब्लडप्रेशरच्या गोळ्या, पायमोजे.

"चिठ्ठीवर नको जाऊस," म्हणत चाचांनी
गल्ल्याखालचा तबकडीचा काटा ओढला, बॅग ठेवली.
दोन-तीनशे.
मी बॅग उचलली. काट्याकडे बघत राहिले.
वर काही नव्हतं, तरी तो शून्यावर नव्हता.
हातमोजे चढवून एक किलो ठेवला.
एक-दोनशे, आणि केसभर पुढे.

"किती वर्षं झाली याला?"
"अठरा."
मग चाचा बराच वेळ बोलले नाहीत.

गावी निघालेली माणसं इथंच बॅगा तोलायची.
जास्त भरलं की इथंच काढायची,
या लाकडी फळीवर : बदाम, साबणाच्या वड्या,
दूध पावडर, खेळण्यातली रुग्णवाहिका.
"एकानं बायकोला घेतलेलं अत्तर काढून मला दिलं.
मी लावलं पण, ईदीला."
मग माझ्याकडे न बघता,
"दोनशे ग्रॅमसाठी, बाय?"
"दोनशे दहा," मी म्हटलं.
सवय. जीभ चावली, पण आकडा सुटून गेला होता.

काटा पालथा केला, खालचा स्क्रू अर्धा आटा फिरवला.
एवढंच होतं ते. अर्धा आटा.
चाचांनी रिकामी तबकडी बोटानं दाबून सोडली,
पुन्हा दाबून सोडली.
शून्य. शून्य.

अठराचे पंधरा रियाल झाले, मी न मागता.
पैसे काढताना कुवेतचं चाक हाती आलं.
तेही ठेवून पाहिलं.
काटा हलला नाही.
इतकं हलकं त्याला कळत नाही,
दुरुस्त झाला तरी.

"हे ठेवतो मी," चाचा म्हणाले,
आणि ते त्या लाकडी फळीवर ठेवलं.
मी नवी बॅग ओढत गल्लीबाहेर निघाले.
खडीवर आवाज नाही. चांगली आहे.
मागे चाचा अजून
रिकामा काटा दाबून सोडत होते.